रांगेत कुणाला आधी सोडायचं

मालिनीताई आगाशे कॉम्प्युटर शिकल्या त्या वाळवीमुळे. कुणाला हौस असते, कुणाला बढती हवी असते. ह्यांच्या नशिबी वाळवी. रत्नागिरीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात त्या बाविसाव्या वर्षी रेकॉर्ड रूमला लागल्या. काम एवढंच, की पेशंट आला की त्याचा जुना केसपेपर शोधून डॉक्टरांपुढे न्यायचा. खोली मागल्या अंगाला, जांभ्याच्या भिंतीला टेकून लाकडी मांडण्या. एका पावसाळ्यात भिंतीतून वाळवी शिरली. गणपतीची सुट्टी संपवून मालिनीताईंनी फायली खाली काढल्या, तर वरचा पुठ्ठा धड आणि आत नुसती माती. हजारभर माणसांचं दुखणंखुपणं किड्यांनी खाऊन टाकलं होतं. दुसरं कुणी असतं तर चुकचुकलं असतं आणि पावडर मारून मोकळं झालं असतं. ह्या बाईला तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी त्या अधीक्षकांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, कॉम्प्युटर घ्या. शिकायचं ते मी शिकते."

आणि शिकल्या. सांगायला सोपं आहे हो. कॉमर्सची पदवी, इंग्रजी बेताचं, शिकवायला कुणी नाही. शब्दकोश मांडीवर घेऊन त्या एकेक ओळ लावायच्या. उरलेल्या सगळ्या फायली त्यांनी स्वतःच्या हाताने कॉम्प्युटरात टाइप केल्या, त्याला नऊ वर्षं लागली. ज्याला एखादं औषध सोसत नाही त्याच्या पानावर सगळ्यात वर तांबडी पट्टी, ही पद्धत त्यांचीच. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर कागद परत जायचा. "हे औषधाचं नाव आहे की तुमची सही?" असं त्यांनी एका नावाजलेल्या सर्जनला चारचौघांत विचारलेलं आहे. तो बिचारा पुढे मोठं अक्षर काढायला लागला. आज ताई चौपन्न वर्षांच्या आहेत. त्यांच्या हुद्द्याला काहीतरी लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण हॉस्पिटलात सगळे त्यांना सर्व्हरवाल्या ताई म्हणतात.

तो सर्व्हर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एका थंड खोलीत एक मशीन. त्यात पाच हार्डडिस्क. पेशंटांची सगळी माहिती त्या पाचांवर अशी वाटून ठेवलेली, की पाचांतली एक मेली तर उरलेल्या चौघींवरून तिच्यातलं पुन्हा मांडता येतं. मेलेली काढायची, नवी घालायची, आणि मशीन तासन् तास बसून जुन्या चारांवरून वाचत नवी भरतं. ह्याला रिबिल्ड म्हणतात. ते पुरं व्हायच्या आत दुसरी डिस्क गेली, की मात्र सगळंच गेलं.

आता त्याच वेळी अपघात विभागात डॉक्टर बसलेला असतो आणि त्याला एका पेशंटचं एक पान हवं असतं. डिस्क तीच. मग आधी कुणाचं काम करायचं, रिबिल्डचं की डॉक्टरचं? हे ठरवणारा एक दारवान आत असतो, त्याला शेड्युलर म्हणतात. हॉस्पिटलात ओपीडीच्या दाराशी बाळा शिपाई बसतो ना, तसाच. बाळाच्या मनात आलं तर शंभर कागदांचं गाठोडं घेऊन आलेला एजंट आधी आत, आणि एका सहीसाठी ताटकळलेली म्हातारी दुपारपर्यंत बाहेर. बाळा तसं करीत नाही, म्हणून त्याची नोकरी टिकलीय. पण मशीनमधला दारवान कुठल्या स्वभावाचा ठेवायचा, ते माणसालाच निवडावं लागतं.

तीन वर्षांपूर्वी मालिनीताईंनी तो चुकीचा निवडला होता.

तेव्हा डिसेंबर होता. मांडवीची विमला आणि तिची एकोणीस वर्षांची मुलगी सानिका ओहोटीला खडकांवर कालवं काढायला गेलेल्या. कालवाच्या शिंपल्याची धार सानिकाच्या पायाला लागली. पोरींचं असतंच, काही होत नाही म्हणून दोन दिवस तशीच कॉलेजला गेली. तिसऱ्या दिवशी पाय सुजून टच्च आणि अंगात फणफणून ताप, तेव्हा विमलाने रिक्षात घालून तिला हॉस्पिटलात आणली.

नेमकी त्याच सकाळी सर्व्हरची एक डिस्क मेली होती. मालिनीताईंच्या तोंडचं पाणी पळालेलं. दुसरी जायच्या आत काम संपलं पाहिजे, एवढंच डोक्यात. इंटरनेटवर कुणीतरी छातीठोकपणे लिहिलेलं, की रिबिल्ड लवकर हवं तर शेड्युलर 'नन' ठेवा, म्हणजे कुणीच नाही, दाराशी माणूसच नको. आणि रिबिल्डचा कमीत कमी वेग वाढवून ठेवा, म्हणजे ते कुणासाठीही मागे सरणार नाही. ताईंनी दोन्ही केलं. अकराच्या सुमारास अपघात विभागातून फोन आला, "ताई, पान उघडत नाहीये." ताई म्हणाल्या, "उघडेल, थांबा जरा."

पान उघडायला चार मिनिटं लागली. तेवढ्यात डॉक्टरने विमलाला विचारलं, हिला कुठलं इंजेक्शन सोसत नाही, असं काही आहे का? भेदरलेली बाई म्हणाली, "नाय, तसं काय नाय." सानिका सहा वर्षांची असताना ह्याच हॉस्पिटलात एका इंजेक्शनाने तिचं अंग सुजलं होतं, श्वास कोंडला होता, आणि पुन्हा ते द्यायचं नाही असं विमलाला बजावून सांगितलेलं होतं. तेरा वर्षांत ती ते विसरली. पानावर मात्र ते होतं. मालिनीताईंनी स्वतः टाइप केलेलं, तांबड्या पट्टीत. पान उघडलं तेव्हा इंजेक्शन देऊन झालं होतं. बारा वाजायच्या आत पोरगी गेली.

चौकशी झाली. अहवालात दोन वाक्यं आली. नातेवाइकांनी पूर्वीच्या त्रासाची माहिती दिली नाही. संगणक यंत्रणा काही काळ संथ होती. कुणा एकावर जबाबदारी टाकता येत नाही, असं म्हणून कागद मिटले. यंत्रणा संथ का होती, असं ताईंना विचारलं गेलं होतं. त्या म्हणाल्या, "दुरुस्ती चालू होती." ह्यात एक अक्षर खोटं नाही, आणि तरी ते उत्तर देताना आपण तोंड फिरवलं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आयुष्यभर दुसऱ्यांना 'नीट लिहा' म्हणून हैराण करणारी बाई त्या दिवशी मूग गिळून बसली. ती भित्री होती असं कुणी म्हणेल. म्हणू दे. त्या खुर्चीत बसून बघा आधी.

तेव्हापासून त्या मनाची एक समजूत घालीत आल्या. पान वेळेवर उघडलं असतं तरी त्या घाईत डॉक्टरने पट्टी बघितलीच असती, कशावरून? बघितली असती तरी पोरगी वाचलीच असती, कशावरून? हा 'कशावरून' म्हणजे त्यांचा आडोसा होता. त्याच्या आड उभं राहून त्या कामावर जात होत्या, घरी येत होत्या, जेवत होत्या.

बाकी त्यांनी एकच गोष्ट केली. हॉस्पिटलने भंगारात काढलेलं एक मशीन आणि पाच जुन्या डिस्क मागून घेतल्या आणि घरी पडवीत मांडल्या. दर रविवारी त्या मुद्दाम एक डिस्क काढायच्या, रिबिल्ड सुरू करायच्या आणि एक खोटं पान उघडायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजून वहीत लिहायच्या. एक शेड्युलर, मग दुसरा, मग तिसरा. त्यांचे यजमान श्रीपती कलमांच्या बागेतून दमून यायचे आणि म्हणायचे, "अगो, रविवारी तरी त्या पेटाऱ्याला सोड. कलमं माझ्याशी कधी इतकी बोलली नाहीत जेवढी तू त्याच्याशी बोलतेस." ताई हसायच्या नाहीत. श्रीपतींनी दोनतीनदा चेष्टा करून पाहिली, मग ते चहाचा कप मशीनशेजारी ठेवून जाऊ लागले. कारण त्यांना माहीत होतं. बायकोने सांगितलं नव्हतं, पण तीस वर्षांच्या संसारात माणसाला एवढं कळतं.

वही भरली. 'नन' ठेवून रिबिल्ड सुसाट सोडलं की पानाला मिनिटं लागायची, कधी ते उघडायचंच नाही. 'डेडलाइन' नावाचा दुसरा दारवान प्रत्येकाला मुदत देतो, त्याच्यापाशी वीस ते चाळीस सेकंद. तिसरा 'बीएफक्यू'. हा प्रत्येकाला त्याचा वाटा देतो, आणि थोडंसं मागणाऱ्याला पटकन वाट करून देतो. त्याच्यापाशी तीन, फार तर चार सेकंद. पण नुसता दारवान बदलून भागत नाही हेही ताईंना कळलं. रिबिल्डचा तो कमीत कमी वेग खाली आणावा लागतो, नाहीतर ते दारवानाला जुमानीत नाही. आणि एवढं सगळं केल्याची किंमत म्हणजे वेळ. जे काम अकरा तासांत व्हायचं त्याला तेहतीस तास. म्हणजे दुसरी डिस्क मरायला तिप्पट सवड.

यंदाची खंडेनवमी आली. हॉस्पिटलात त्या दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा होते: रुग्णवाहिका, जनरेटर, एक्स-रेचं मशीन, आणि सर्व्हर. सर्व्हरच्या पूजेची चाल मालिनीताईंनीच पाडलेली. वर्षभर अहोरात्र राबणाऱ्याला एक दिवस झेंडूचं फूल मिळू नये, हे त्यांना पटत नसे. पूजेला मशीन बंद ठेवायचं, कारण हळदकुंकू पंख्यातून आत ओढलं जातं. आता ह्यातली मेख बघा. वर्षभर अखंड फिरणारी जुनी डिस्क फिरत राहते तोवर बरी असते. थांबवली की पुन्हा उठेलच ह्याचा भरवसा नसतो. ताईंना हे ठाऊक होतं. तरी दरवर्षी त्या बंद करायच्या. श्रद्धेपुढे शहाणपण चालत नाही, आणि पूजा चुकवायची तर तसं सांगायचं कुणाला? सगळा स्टाफ दाराशी प्रसादाला उभा.

सकाळी साडेनऊला पूजा झाली. बाळाने बाहेर नारळ फोडला. ताईंनी बटण दाबलं. चार दिवे हिरवे लागले. पाचव्या डिस्कमधून नखाने पत्रा टोकरावा तसा आवाज येत राहिला आणि मग तोही थांबला.

कपाटात एक कोरी डिस्क होती, ती त्यांनी घातली. अकरा वाजले होते. सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीत ओमकार म्हणून एक हुशार पोरगा आहे, मुंबईला असतो पण मूळचा सावर्ड्याकडचा, म्हणून हक्काने बोलतो. त्याला त्यांनी फोन लावला.

"काकू, तो पूजेला मशीन बंद ठेवायचा प्रकार सोडा म्हणून मी किती वेळा सांगितलं," तो म्हणाला. "असो. आता रिबिल्ड सुसाट सोडा. आज उद्या सुट्टी आहे, ओपीडी बंद. कोण येतंय?"

"अपघात विभाग उघडा आहे."

"तिथे दोन माणसं येतील. मागे बदललेली एक सोडली तर सगळ्या डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या आहेत, काकू. एक गेली म्हणजे बाकीच्यांचंही वय झालंय. दुसरी गेली तर?"

दुसरी गेली तर काय, हे ताईंना कुणी सांगायला नको होतं. रोजच्या नोंदींची प्रत दुसऱ्या इमारतीत होती, पण ती परत चढवायला चार दिवस. एक्स-रे आणि स्कॅन तर वर्षभराचे कुठेच नव्हते, जागाच पुरत नव्हती. चार दिवस सगळं हॉस्पिटल आंधळं, तेही भातकापणीच्या दिवसांत, जेव्हा दर दोन दिवसांनी कुणीतरी साप चावला म्हणून येतं. वाळवीने हजार माणसं खाल्ली होती. इथे ऐंशी हजार.

त्यांनी बीएफक्यू निवडला. वेग खाली आणला. पडद्यावर आकडा आला: तेहतीस तास.

दुपारी एकला उरलेल्या चौघींतली एक डिस्क वाचताना अडखळली. नोंद पडली. वीस मिनिटांनी पुन्हा पडली. ओमकार लांबून ते बघत होता, त्याचा लगेच फोन आला. "काकू, ही जाणार. माझं ऐका, वेग वाढवा. अजून वेळ आहे."

ताईंनी फोन टेबलावर ठेवला. हात कीबोर्डवर होते. एक ओळ टाइप करायची, एक बटण दाबायचं. आपण एका माणसाच्या भीतीपायी ऐंशी हजारांचं घालवतोय का, असं त्यांच्या मनात आलं. त्या भिऊन गेल्या होत्या. ओळ त्यांनी टाइपसुद्धा केली. मग ती पुसली आणि फोन उचलून म्हणाल्या, "ओमकार, नाही वाढवणार. गेलं तर माझ्या नावावर लिही." तो म्हणाला, "ठीक आहे, काकू. मी बघत बसतो इथे."

चार वाजता संगमेश्वरच्या आतल्या गावातून काशीराम नावाच्या शेतकऱ्याला जीपने आणलं. खंडेनवमीचे विळे पूजेला ठेवलेले, तेव्हा कापणी बंद. पण आदल्या दिवशी कापलेलं भात शेतात पडलेलं आणि आभाळ भरून आलेलं. भिजू नये म्हणून तो पेंढ्या उचलायला गेला, आणि पेंढीखालचं फुरसं हाताला चावलं. हात कोपरापर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त येत होतं, आणि शुद्ध हरपत चाललेली. बरोबर बायको.

अपघात विभागात गंधार म्हणून तरुण डॉक्टर होता. सापाच्या विषावरचं औषध त्याने सलाइनमध्ये भरायला सांगितलं आणि बायकोला विचारलं, ह्यांना आधी कधी साप चावलाय का? ती म्हणाली, "सात वर्सांमागं चावलेला. इथंच बरे झाले. मी तवा मुंबईला होते, लेकाकडं. मला जास्त ठाव नाय."

मालिनीताई त्या वेळी अपघात विभागाच्या दाराशी उभ्या होत्या. जीपचा आवाज ऐकून त्या जिना उतरून आल्या होत्या. गंधारने नाव टाकलं. ताई मनात मोजू लागल्या. एक. दोन. तीन. पान उघडलं. तांबडी पट्टी. मागल्या वेळी हेच औषध सुरू केल्यावर काशीरामचा घसा आवळला होता, रक्तदाब कोसळला होता, आणि तो जेमतेम हाती लागला होता. औषध द्यावंच लागणार होतं, त्याला दुसरा इलाज नाही. पण गंधारने नर्सचा हात धरला, घसा आवळला तर द्यायचं इंजेक्शन आधी तयार करायला लावलं, भूलतज्ज्ञाला बोलावून घेतलं, आणि मग थेंब थेंब सुरू केलं. दहाव्या मिनिटाला काशीरामचा श्वास घरघरला. सगळे तयार होते. त्याला त्यांनी सावरलं. संध्याकाळपर्यंत तो दोनदा तसाच गेला आणि दोनदा परत आला.

दसऱ्याच्या दिवशी रात्री आठला रिबिल्ड पुरं झालं. अडखळणारी डिस्क अडखळत का होईना, शेवटपर्यंत चालली. ओमकारने फोनवर कधी नव्हे ते "ग्रेट आहात काकू" म्हटलं. काशीराम शुद्धीवर येऊन भाताचं काय झालं म्हणून विचारीत होता. त्याची बायको गंधारच्या पाया पडायला वाकली. गंधार गोरामोरा होऊन म्हणाला, "अहो, माझं काही नाही. आधीचं लिहिलेलं होतं म्हणून कळलं. ते दिसलं नसतं तर मी नेहमीसारखं सुरू केलं असतं, आणि गेले असते हे."

मालिनीताई दाराशीच होत्या. सगळ्या हॉस्पिटलात आनंद, आणि ह्या बाईच्या मनात एकच गोष्ट. आडोसा गेला होता. पान वेळेवर उघडलं की डॉक्टर पट्टी बघतो. पट्टी बघितली की माणूस वाचतो. तीन वर्षं ज्याला त्या 'कशावरून' म्हणत होत्या त्याचं उत्तर समोर खाटेवर पडून भाताची चौकशी करीत होतं. सानिका वाचली असती. तीन सेकंदांचं काम होतं. त्या सर्व्हरच्या खोलीत गेल्या, दार लावून घेतलं आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. दसऱ्याचं सोनं वाटायला आलेला बाळा दार ठोठावून परत गेला.

दुसऱ्या दिवशी त्या अधीक्षकांकडे गेल्या. जुन्या अहवालात माझं म्हणणं जोडा, म्हणाल्या. यंत्रणा संथ नव्हती, मी संथ केली होती. अधीक्षकांनी चष्मा काढला. "मालिनीताई, मिटलेलं आहे ते. आता उकरून कुणाचं भलं होणार आहे? तुम्ही परवा एक माणूस वाचवलात. त्यात समाधान माना." ताईंनी लिहून आणलेला कागद त्यांच्या टेबलावर ठेवला, त्याची पोच मागितली, आणि पोच मिळेपर्यंत उठल्या नाहीत. मग तिथूनच रिक्षा करून मांडवीला गेल्या. त्या स्वतः मांडवीलाच राहतात, विमलाच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. तीन वर्षांत त्या वाटेला त्या एकदाही गेल्या नव्हत्या.

विमला ओटीवर तांदूळ निवडीत बसली होती. दुपारचे तीन वाजले होते. तिने ओळखलं. "हॉस्पिटलातल्या ना तुम्ही? या, बसा."

मालिनीताई बसल्या. वाटेत त्यांनी पुष्कळ वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही त्यांना आठवलं नाही. मशीन, डिस्क, दारवान ह्यातलं काही न सांगता त्या म्हणाल्या, "विमलाबाई, सानिकाला ते इंजेक्शन सोसत नाही, हे आमच्याकडे लिहिलेलं होतं. त्या दिवशी ते डॉक्टरांना वेळेवर दिसलं नाही. ते माझ्यामुळे. मी दुसरं काम पुढे काढलं होतं, म्हणून तुमच्या मुलीचं पान मागे राहिलं."

विमलाचे हात सुपात थांबले. "लिवलेलं होतं?"

"होतं. मीच लिहिलेलं."

"म्हंजे मी नाय म्हटलं, तरी त्यांना कळलं असतं?"

"कळलं असतं."

"किती येळ लागला असता?"

"तीन सेकंद."

विमला रडली नाही. सुपातले खडे तिने एकेक करून बाजूला काढले, सूप भिंतीला लावून ठेवलं आणि हात झाडले. मालिनीताईंना वाटलं आता ही आपल्याला चार शिव्या घालील, आणि घालाव्यात असंच त्यांना वाटत होतं.

"डाक्टरनं मला इचारलं, आणि मी नाय म्हटलं," विमला म्हणाली. "तुमच्या त्या कागदातही तसंच आलं, नातेवाइकांनी सांगितलं नाय. ह्यांनी तो कागद वाचला. त्या दिवसापासून हे माझ्या हातचं जेवत नाय, ताई. एका घरात राहतो. आपलं आपण करून खातात. तीन वर्सं माझ्याशी शब्द नाय बोलले. मीही म्हणायची, बरोबर हाय त्यांचं. आई ती आई, आणि इसरली."

मालिनीताईंनी तिचा हात धरायला हात पुढे केला. विमलाने आपला हात मागे घेतला.

"दहा मिन्टांवर ऱ्हाता तुम्ही," ती म्हणाली. "तीन वर्सं लागली तुम्हांला."

मालिनीताई खाली मान घालून बसल्या. विमला उठली, आत गेली, आणि पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यासमोर ठेवला.

"हे पाच वाजता बंदरावरनं येतात," ती म्हणाली. "आता मला जे सांगितलंत, ते त्यांना सांगायचं. माझ्यासमोर. तोवर हितनं हलू नका."

मालिनीताईंनी घरी फोन करून श्रीपतींना उशीर होईल म्हणून सांगितलं, आणि त्या पाच वाजायची वाट बघत तिथेच ओटीवर बसून राहिल्या.